संगीत हराम असण्यावर खरंच सगळ्यांचं एकमत आहे?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझे एक मामू तंबोऱ्याची जवारी काढतात. घोडीवर (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) कानस एक केसभर जास्त फिरली तर सूर मरतो, म्हणून दिवसभर त्यांचा कान तारेजवळ असतो. गेल्या रमजानच्या आधी त्यांच्या मोबाइलवर एक मेसेज आला. घरातल्याच एका पोरानं पाठवला होता, भक्तिभावानं, मामूंचं भलं व्हावं म्हणून. मामूंनी तो मला दाखवला आणि विचारलं, "म्हणजे चाळीस वर्षं मी पोरांना हरामचं खायला घातलं का रे?"

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडक्यात असा: इस्लाममध्ये संगीत आणि वाद्यं पूर्ण हराम आहेत. कुरआनात स्पष्ट मनाई आहे. बुखारी शरीफ या संग्रहात हदीस (पैगंबरांच्या वचनाची किंवा कृतीची नोंद) आहे. जो गाणं ऐकेल त्याच्या कानात कयामतच्या दिवशी वितळलेलं शिसं ओतलं जाईल. चारही इमामांचं आणि साऱ्या उलमांचं (धर्मपंडितांचं) यावर एकमत आहे. लग्नात आणि ईदला मुलींनी डफ वाजवला तर तेवढं चालतं. सूफींची गाण्याची परंपरा म्हणजे अडाण्यांची बिदअत (धर्मात घुसडलेली नवी गोष्ट). वाद्यं बनवणं, विकणं, शिकवणं ही सगळी हरामची कमाई.

हाच मजकूर दुसऱ्या टोकाच्या ग्रुपांवरही फिरतो. तिथं वर एक ओळ जोडलेली असते, "बघा, यांच्या धर्मात गाण्यालाही जागा नाही." म्हणजे एकाला तो उपदेश वाटतो, दुसऱ्याला पुरावा, आणि दोघांनाही तो तपासून बघायची गरज वाटत नाही.

मी आलिम नाही. मदरशात काही वर्षं अरबी शिकलो, किताबं उघडून वाचता येतात एवढंच. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं सगळं लबाडीचं होईल. चारही मजहबांच्या (चार इमामांच्या नावानं चालणाऱ्या धर्मकायद्याच्या परंपरांच्या) बहुसंख्य फकिहांनी (कायदेपंडितांनी) तारेच्या आणि फुंकीच्या वाद्यांना विरोध केला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी ती हरामच म्हटली आहेत. इब्न तैमिया, इब्नुल कय्यिम, इब्नुल जौझी ही सगळी मोठी माणसं त्या बाजूला उभी आहेत. एखादा मुसलमान त्यांचं ऐकून वाद्यापासून दूर राहत असेल तर त्याचा मला आदर आहे. पण "बहुसंख्यांनी मनाई केली" हे एक वाक्य आहे आणि "सगळ्यांनी, एकमतानं, कुरआनातल्या स्पष्ट शब्दावर मनाई केली" हे अगदी वेगळं. मेसेजमध्ये दुसरं वाक्य आहे, आणि ते खरं नाही.

कुरआनापासून सुरुवात करू. मेसेजमध्ये सूरह लुकमानची सहावी आयत दिलेली असते. तिचा अर्थ असा: लोकांमध्ये असेही आहेत जे "लह्वल हदीस" विकत घेतात, कशासाठी, तर काही न जाणता लोकांना अल्लाहच्या वाटेवरून भरकटवावं आणि त्या वाटेची थट्टा करावी, अशांना अपमानकारक शिक्षा आहे. लह्वल हदीस म्हणजे मन गुंतवून टाकणारी बोलणी. गाणं, तार, बासरी असा एकही शब्द आयतीत नाही.

यावर उत्तर येतं की पैगंबरांचे साथी हजरत इब्न मसऊद यांनी अल्लाहची शपथ घेऊन सांगितलं होतं की याचा अर्थ गाणं. खरं आहे, आणि ते वजनदार मत आहे, ते झटकून टाकता येणार नाही. पण तफसीर (कुरआनावरचं भाष्य) उघडली की त्याच पानावर इतर मतंही दिसतात. कोणी म्हणतं शिर्कची (अल्लाहच्या जोडीला इतरांना मानण्याची) बोलणी. कोणी म्हणतं ही आयत मक्केच्या नझ्र इब्न हारिसबद्दल उतरली, जो इराणी राजांच्या कथा आणून लोकांना कुरआन ऐकण्यापासून खेचून घ्यायचा. भाष्यकार तबरी यांनी ही सगळी मतं गोळा केली आणि शेवटी व्यापक अर्थ घेतला: अल्लाहच्या वाटेपासून दूर नेणारं जे जे बोलणं, ते सगळं यात आलं.

कोर्दोब्याचे इब्न हझम (मृत्यू १०६४) यांचा युक्तिवाद मला सर्वांत सरळ वाटतो. ते म्हणतात, आयतीनं निंदा केली आहे ती हेतूची. लोकांना भरकटवण्यासाठी कोणी खुद्द कुरआनाची प्रत विकत घेतली तरी तो काफिरच ठरेल. मग ज्याचा तसा हेतूच नाही, जो थकून आल्यावर मन हलकं करायला दोन घटका काही ऐकतो, त्याला ही आयत कशी लागू होते?

आणि तो "लह्व" शब्द! बुखारीतच पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची रिवायत (त्यांनी सांगितलेली हदीस) आहे. त्यांनी एका वधूला अन्सारी नवऱ्याच्या घरी पोचवलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) विचारलं, "आयशा, तुमच्याबरोबर काही लह्व नव्हता का? अन्सारांना लह्व आवडतो." लह्व हा शब्दच हराम असता तर हा प्रश्न कसा विचारला गेला असता?

सूरह बनी इस्राईलमधली "तुझ्या आवाजानं त्यांना डळमळीत कर" ही सैतानाला उद्देशून असलेली आयत आणि सूरह नज्ममधला "सामिदून" हा शब्द हे आणखी दोन पुरावे दिले जातात. दोन्ही ठिकाणी गाणं हा काही जुन्या मुफस्सिरांनी (भाष्यकारांनी) लावलेला एक अर्थ आहे, आणि शेजारीच दुसरे अर्थही नोंदलेले आहेत. याला "स्पष्ट मनाई" म्हणत नाहीत. दारूबद्दल कुरआन कसा बोलतो ते आठवा: ही घाण आहे, सैतानाचं काम आहे, यापासून दूर राहा. तिथं कोणाला अर्थ लावत बसावं लागलं नाही.

आता बुखारीची हदीस. मनाई करणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, म्हणून इथं थोडं थांबू. शब्द असे: माझ्या उम्मतीत (अनुयायांत) असे लोक होतील जे व्यभिचार, रेशीम, दारू आणि मआझिफ यांना हलाल ठरवतील. मआझिफ म्हणजे वाद्यं. पुढे डोंगराच्या कडेला उतरलेल्या लोकांचं वर्णन आहे: दारात आलेल्या गरजवंताला ते उद्या ये म्हणतात, आणि रात्रीतच त्यांच्यावर अल्लाहचा अजाब (शिक्षा) येतो.

सनदीवर, म्हणजे हदीस सांगत आलेल्या माणसांच्या साखळीवर, वाद झालेला आहे. बुखारींनी नेहमीसारखं "आम्हाला सांगितलं" असं न म्हणता "हिशाम इब्न अम्मार म्हणाले" असं लिहिलं. इब्न हझम यांनी त्यावरून साखळी तुटलेली ठरवली. हे इब्न हझम यांचं चुकलं असं मला वाटतं. इब्न सलाह आणि इब्न हजर यांनी साखळी जुळते हे दाखवून दिलं आहे, आणि आपल्या बाजूचा माणूस आहे म्हणून त्याचा कच्चा मुद्दा उचलायचं कारण नाही. हदीस सही (अस्सल) धरून बोलू.

सही धरली तरी दोन गोष्टी दिसतात. पहिली, इमाम बुखारींनी ही हदीस ठेवली कुठं? पेयांच्या प्रकरणात, दारूला दुसरं नाव देऊन हलाल करणाऱ्यांच्या बाबात. इब्न माजामध्ये याच आशयाची हदीस जास्त सविस्तर आहे: लोक दारू पितील, तिला वेगळं नाव देतील, त्यांच्या डोक्याशी वाद्यं आणि गाणाऱ्या बायका असतील. चित्र एका मैफलीचं आहे. दारू, बाई, रेशमी गाद्या आणि वाद्यं एकाच जागी, आणि दारात भुकेला माणूस उभा.

दुसरी गोष्ट रेशमाची. तेही या यादीत आहे, पण रेशीम बायकांना हलाल आहे यावर कोणाचंच दुमत नाही. म्हणजे यादीत नाव आलं की ती वस्तू सर्वांना, सर्व वेळी हराम, असा अर्थ निघत नाही. समोरचा म्हणेल, मूळ हुकूम हरामचाच, फक्त सवलत दिली, जशी डफाला दिली. हे उत्तर कमजोर नाही. या हदीसीवरून एखादा प्रामाणिक माणूस मनाईपर्यंत पोचू शकतो. माझं म्हणणं एवढंच की दुसरा तितकाच प्रामाणिक माणूस तिथं न पोचता थांबू शकतो, आणि थांबलेही आहेत.

शिशाबद्दल मात्र काही मोजूनमापून बोलायची गरज नाही. "गाणाऱ्या दासीचं गाणं ऐकणाऱ्याच्या कानात शिसं ओतलं जाईल" ही रिवायत इमाम अहमद यांनी बातिल (खोटी) म्हटली. इब्न हझम यांनी ती बनावट ठरवली. विसाव्या शतकातले अलबानी तर वाद्यांच्या मनाईवर स्वतंत्र किताब लिहिणारे, त्यांनीही ती बातिल ठरवली. कानात शिसं ओतण्याची सही हदीस आहे ती वेगळीच: लोकांना नको असताना त्यांचं बोलणं चोरून ऐकणाऱ्यासाठी. ज्या शिक्षेनं चोरून ऐकणाऱ्यानं थरथरावं, ती उचलून गाणं ऐकणाऱ्यावर लावली आणि लाखो फोनांवर पाठवली. पैगंबरांच्या (स.) नावावर जाणूनबुजून खोटं खपवणाऱ्यानं आपली जागा आगीत शोधावी, ही हदीस सवाबासाठी (पुण्यासाठी) मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी ऐकलेली नसेल का? तसंच "गाणं मनात निफाक (ढोंगीपणा) उगवतं, जसं पाणी पीक उगवतं" हे वाक्य. ते हजरत इब्न मसऊद यांचं म्हणून मान्य आहे. थेट पैगंबरांच्या (स.) नावानं येणारी त्याची रिवायत जईफ (कमकुवत) आहे.

आता एकमत. मेसेजचा सगळा जोर या शब्दावर आहे, कारण इज्मा, म्हणजे उलमांचं एकमत, म्हटलं की पुढे बोलायची सोय राहत नाही.

येमेनचे काझी शौकानी (मृत्यू १८३४) यांनी या एकाच दाव्यावर रिसाला (छोटा ग्रंथ) लिहिला. त्याच्या नावाचा अर्थच आहे: समाअ (गाणं ऐकणं) सरसकट हराम असण्यावर इज्मा आहे या दाव्याचं खंडन. मदिनेचे मुहद्दिस (हदीसींचे अभ्यासक) इब्राहिम इब्न सअद यांचं नाव अशा चर्चेत नेहमी येतं. ते गाणं आणि ऊद हे तारेचं वाद्य दोन्ही जायज मानत, आणि त्यांच्या हदीसी इमाम बुखारी आणि इमाम मुस्लिम दोघांनी घेतल्या आहेत. ज्या बुखारी शरीफचा दाखला देऊन ऐकणाऱ्यांना फासिक (पापी) ठरवतात, तिच्याच रावींमध्ये (हदीसी सांगणाऱ्यांमध्ये) हा माणूस बसलेला आहे! इब्न हझम आले. हदीसीचे हाफिज इब्नुल कैसरानी (मृत्यू १११३) यांनी समाअच्या बाजूनं किताब लिहिली. दमास्कसचे हनफी आलिम अब्दुल गनी नाबुलसी (मृत्यू १७३१) यांनी खास वाद्यांसह ऐकण्यावर लिहिलं, आणि हुकूम वाद्यावरून नाही, त्यामागच्या हेतूवरून ठरतो असं मांडलं. १९५८ ते १९६३ या काळात अल-अझहरचे शेख असलेले महमूद शलतूत यांनी वाद्य शिकणाऱ्या एका तरुणाच्या प्रश्नावर मुभेचा फतवा दिला.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांचं नाव दोन्ही बाजू ओढतात, म्हणून नीट सांगतो. त्यांनी 'इह्या'मध्ये समाअवर आख्खं प्रकरण लिहिलं. वसंत आणि त्याची फुलं, ऊद आणि त्याच्या तारा ज्याला हलवत नाहीत त्याची प्रकृतीच बिघडलेली आहे, त्याला इलाज नाही, हे वाक्य तिथलंच. पण त्याच प्रकरणात ते तारेची वाद्यं आणि मिझमार (फुंकीचं वाद्य) मनाईत ठेवतात. कारण काय देतात ते महत्त्वाचं. नाद गोड आहे म्हणून मनाई, असं ते म्हणत नाहीत. तसं असतं तर बुलबुलचा आवाजही हराम झाला असता. त्यांच्या काळी ही वाद्यं दारूबाजांची खूण होती, दारूच्या मागोमाग मनाई आली. त्यांनी कारण दिलं आहे, आणि कारण दिलं की आज ते लागू आहे का, हा प्रश्न विचारायचा हक्कही मिळतो. मामूंच्या दुकानातला तंबोरा पहाटे रियाजाला बसणाऱ्या मुलीकडे जातो. ती खूण दारूबाजाची आहे का?

"फक्त लग्न, फक्त ईद, फक्त डफ" हा मुद्दाही बघू. ईदच्या दिवशी हजरत आयशांच्या घरी दोन मुली बुआस लढाईची गाणी म्हणत होत्या. हजरत अबू बक्र रागावले, पैगंबरांच्या घरात सैतानाची बासरी? पैगंबर (स.) म्हणाले, राहू दे अबू बक्र, प्रत्येक कौमची ईद असते, ही आपली ईद. यावरून सवलत ईदपुरतीच, असा अर्थ निघू शकतो, मान्य. पण तिर्मिझीत आणखी एक हदीस आहे. एका मोहिमेवरून पैगंबर (स.) परतले तेव्हा एक काळी दासी आली. म्हणाली, आपण सुखरूप परत आलात तर आपल्यासमोर डफ वाजवून गाईन असा नवस बोलले होते. ते म्हणाले, नवस बोलली असशील तर वाजव. इथं ना लग्न, ना ईद. आणि पापाचा नवस फेडायचा नसतो, हेही त्यांनीच सांगितलेलं. पुढे हजरत उमर आत आले तेव्हा तिनं डफ लपवला, हेही त्याच हदीसीत आहे. मनाईवाले त्या शेवटावर बोट ठेवतात, मी सुरुवातीवर ठेवतो. हदीस दोघांचीही आहे.

सुलतानांच्या दरबारात गायक होते, तुर्कस्तानात मेव्लेवी दरवेश (रूमींच्या पंथाचे सूफी) नेय, म्हणजे बासरी, वाजवतात, हे मी पुरावा म्हणून मांडणार नाही. मुसलमानांनी केलं म्हणून हलाल होत नाही. मुसलमान दारूही प्यायले आहेत. पण सूफींच्या ज्या परंपरेला मेसेज "अडाण्यांची बिदअत" म्हणतो, तिनं हा प्रश्न किती गांभीर्यानं घेतला ते आपल्याच मातीत दिसतं. दिल्लीत गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात हजरत निजामुद्दीन औलिया यांना समाअच्या जायज असण्यावर उलमांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं होतं. त्यांच्या समाअला अटी होत्या: गाणारा कोण, ऐकणारा कोणत्या मनानं ऐकतो, काय गायलं जातं. चंग-रबाब ही तारेची वाद्यं त्यांच्या मजलिसीत नको होती. त्यांचे मुरीद (शिष्य) बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) दख्खनमध्ये आले. समाअवर त्यांचं इतकं प्रेम की त्यांच्या अनुयायांची झुलण्याची ढबच बुऱ्हानी म्हणून ओळखली गेली. खुलदाबादला त्यांची दरगाह आहे. समोरच त्यांचे खलिफा (आध्यात्मिक वारस) जैनुद्दीन शिराजी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी, उघड्यावर, औरंगजेबाची साधी कबर. गाण्यापासून दूर झालेल्या त्या बादशहानं शेवटची जागा मागितली ती या सिलसिल्याच्या (गुरुपरंपरेच्या) अंगणात.

आणि जे म्हणतात की गवई मुसलमान हे मुसलमान असूनही गवई होते, त्यांनी मिरजेला यावं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांना ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या नावानं गाणी होतात. तिथं बसलेल्यांना नमाज आणि मैफल यांपैकी एक निवडा असं कोणी सांगत नाही. इशाची जमात (रात्रीची सामूहिक नमाज) होते आणि मग तंबोरे लागतात.

राहिली कमाई. मामूंना तेच हवं होतं, बाकीचं त्यांनी माझ्या समाधानासाठी ऐकून घेतलं.

आपल्याकडे कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे हनफी. मामू हनफी. म्हणून मी त्यांच्यासमोर 'हिदाया' ही हनफी कायद्याची किताब उघडली, बाराव्या शतकात फरगान्याच्या मरगीनानी यांनी लिहिलेली, आजही इथल्या मदरशांत शिकवली जाणारी. गसबच्या, म्हणजे दुसऱ्याची वस्तू बळकावण्याच्या आणि तिचं नुकसान करण्याच्या प्रकरणात मसला (कायद्याचा प्रश्न) आहे: कोणी मुसलमानाचा बरबत (ऊदसारखं वाद्य), ढोल, मिझमार किंवा डफ फोडला तर फोडणाऱ्यानं भरपाई द्यायची, आणि या वस्तूंची विक्री जायज आहे. हे मत खुद्द इमाम अबू हनिफांचं. त्यांचे दोन्ही शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद, उलट बाजूचे: भरपाई नाही, विक्री जायज नाही. नंतरच्यांनी फतवा शागिर्दांच्या मतावर दिला, हेही तिथंच लिहिलं आहे आणि मी मामूंना वाचून दाखवलं. पण ज्या इमामाच्या नावानं आपला मजहब चालतो, त्यानं वाद्याचा सौदा वैध धरला आहे. "चारही इमामांचं एकमत" म्हणणाऱ्यानं निदान हे पान तरी बघायला हवं होतं.

जुलै २०२३ मध्ये हेरातजवळ तालिबाननं गिटार, तबला, पेटी असा ढीग करून जाळला. तेही हनफीच. फोटो पाहिला तेव्हा मला हाच मसला आठवला होता. त्यांच्या इमामाच्या मतानं त्या प्रत्येक वस्तूच्या मालकाचं देणं त्यांच्या डोक्यावर आहे.

अन्-नहल सूरहमध्ये अल्लाहनं बजावलं आहे: तुमच्या जिभा खोटंच बोलतात म्हणून हे हलाल आणि हे हराम असं ठरवू नका, अल्लाहवर खोटं रचू नका. ज्या गोष्टीत हजार वर्षं उलमांचा मतभेद आहे, तिथं मामूंसारख्या माणसाच्या ताटातला घास हराम ठरवण्याआधी मेसेज पाठवणाऱ्यानं ही आयत स्वतःला वाचून दाखवायला हवी.

मामूंनी 'हिदाया'चा मसला दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, भरपाई किती? मी सांगितलं, किताबात आहे की वाद्य म्हणून जी किंमत ती नाही, वाजवण्याचा उपयोग सोडून त्या वस्तूची जी किंमत होईल तेवढी. म्हणजे लाकडाची, भोपळ्याची.

"आणि जवारीची मजुरी?"

ती किताबात नव्हती. मामूंनी मान हलवली, तंबोरा परत मांडीवर घेतला, घोडीवर दोरा सरकवला आणि तार छेडून कान लावला.